कमी खर्चातली नसबंदी: वर्षातून एक मोठं शिबिर, की आठवड्याचा ठरलेला वार?

सुरंगी
कोकणात पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी स्वस्तात करायची म्हटलं की शिबिरच डोळ्यासमोर येतं. मुंबई-पुण्याची टीम येते, शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवसांत शंभरेक जनावरं उरकते, फोटो निघतात आणि गाडी घाट चढते. माझं म्हणणं असं, की स्वयंसेवकांच्या जोरावर काही उभं करायचंच असेल तर एक ठरलेली खोली घ्यावी, आठवड्याचा एक वार धरावा आणि त्या दिवशी दहाच्या वर शस्त्रक्रिया करू नयेत.

कारण गोंधळ टेबलावर कमी आणि घरी गेल्यावर जास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मादी टाके चाटून उसवते, जखमेखाली पाणी धरतं. घरचे हळद भरतात. मांजर कण्हतंय म्हणून कुणी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देतं. मांजराला ती अजिबात चालत नाही, हिरड्या तपकिरी पडतात आणि जनावर जातं. तोवर टीम पनवेल ओलांडून गेलेली असते. ठरलेला वार असला की 'पुढच्या गुरुवारी दाखवायला आणा' एवढं तरी सांगता येतं.

फी ठेवावीच. कुत्र्याला ७००, मांजराला ४०० अशी काहीतरी. वर गळ्यातल्या प्लास्टिक कॉलरसाठी १०० रुपये अनामत. दहा दिवस झाल्यावरच्या गुरुवारी कॉलर परत आणली की पैसे परत. त्या निमित्ताने टाके बघून होतात.

नाखवा
ताई, हिशोब चुकतोय. आठवड्याला दहा म्हणजे वर्षाला चारशे-पाचशे, तेही तालुकाभर विखुरलेली. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, ६३-६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही, त्यामुळे तिचा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर माशांचं खाणं फुकट. तिथे एका वाडीतल्या चार मांजरी केल्यात आणि सोळा सोडल्यात तर सहा महिन्यांनी कुणी काही केलं होतं हे ओळखूही येणार नाही. एका वाडीतल्या निदान ७० टक्के माद्या एकाच दमात झाल्या पाहिजेत. ते शिबिरातच होतं.

आणि वेळ म्हणाल तर जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, पुरुष माणसं घरी. एरवी गुरुवारी सकाळी आठला बोका पकडून आणायला घरात असतं कोण?

स्टेथोस्कोप
मी या पट्ट्यात खाजगी प्रॅक्टिस करतो, तेव्हा माझा स्वार्थ गृहीत धरूनच वाचा.

शंभराच्या शिबिरात सगळ्यात आधी कात्री लागते ती तपासणीला. कोकणात गोचीड ताप घरोघरी आहे. एर्लिकिया (त्या तापाचा जंतू) असलेलं कुत्रं शेपूट हलवत येतं, जेवतं-खातं, पण रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरलेल्या असतात. पोट उघडलं की जिथे तिथे झिरपत राहतं. अशा मादीच्या बीजकोषाच्या रक्तवाहिनीची गाठ जरा सैल बसली तर संध्याकाळपर्यंत पोटात रक्त साठतं. हिरड्या पांढऱ्या, अंग गार, उठत नाही. हे ओळखून पोट पुन्हा उघडायला त्या रात्री सर्जन जागेवर हवा. म्हणून टेबलावर घेण्याआधी निदान एवढं: काट्यावर वजन (अंदाजाने नाही, भुलीचं औषध किलोवर मोजतात), ताप, हिरड्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड, आणि शंका आली तर रक्ताचा एक थेंब स्लाइडवर. माजावर असलेली कुत्री परत पाठवायची, तिच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-तीन महिन्यांनी बोलवा.

दुसरं, अवजारं. प्रत्येक जनावराला वेगळा निर्जंतुक सेट, यात तडजोड नाही. गुंडाळलेले सेट १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली अर्धा तास, वर वाळण्याचा वेळ. लहान ऑटोक्लेव्हमध्ये तीन-चार सेट मावतात. म्हणजे दहा शस्त्रक्रियांना सहा सेट हाताशी असतील तर गाडी न थांबता चालते. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर ऑटोक्लेव्हची कॉइल ओढत नाही, त्यामुळे गॅसवर चालणारा घ्या. सॅव्हलॉनच्या ट्रेमध्ये बुडवून तीच चिमटी पुढच्या जनावराला लावणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. मोठ्या शिबिरात दुपारनंतर नेमकं तेच सुरू होतं.

तेव्हा नाखवा, मी सुरंगीताईंच्या बाजूने. पण ताई, सरसकट सवलतीला माझा विरोध आहे. दारात मोठी गाडी उभी असणाऱ्याच्या लॅब्रडॉरची नसबंदी ७०० रुपयांत का? रेशनकार्ड बघा. पिवळं-केशरी असेल तर सवलत, नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे पाठवा. नाहीतर वर्षभर रात्री-अपरात्री उठणारे आम्ही दुकान बंद करू, आणि गुरुवार सोडून उरलेल्या सहा दिवसांना तालुक्यात कुणी राहणार नाही.

सुरंगी
तपासणीचं आणि सेटचं सगळं मान्य, तसंच लिहून काढू. रेशनकार्ड मात्र नको, डॉक्टर. मांजर 'आमचं' आहे हे मान्य करायलाच लोक कचरतात. कागद मागितला की ती मांजरी दारातून परत जाईल आणि पावसाळ्यात तिची पिल्लं वखारीत सापडतील. जातिवंत कुत्र्याला पूर्ण दर, गावठी कुत्रं आणि मांजर यांना सवलत. जनावराकडे बघून कळतं, माणसाला विचारावं लागत नाही.

स्टेथोस्कोप
हे चालेल. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कासवाची वाट
वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुत्री कासवाची घरटी उकरतात, म्हणून नसबंदी केंद्राला पाठिंबा द्या, असं काही जण बोलताना दिसतात. कृपया हे कारण वापरू नका. नसबंदी झालेलं कुत्रंही अंडी तितक्याच आवडीने खातं. तिथे कामाला येतं ते कुंपण, जाळी आणि किनाऱ्यावरचं मासळीचं उष्टं उचलणं. चुकीचं आश्वासन देऊन पैसे गोळा केलेत तर पुढच्या हंगामात लोक तोंडावर विचारतील.

शिवाय कायद्याची एक बाजू कुणी काढली नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचं काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं, आणि ते करायला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते. पाळीव जनावरांचं केंद्र काढून त्यातून वाडीवरची कुत्री उरकली तर ते नियमात बसत नाही.

नाखवा
मग वाडीचं कुत्रं कुणाचं? चार घरं भाकरी घालतात, गळ्यात पट्टा कुणी बांधत नाही. कोकणातली निम्मी कुत्री अशीच असतील.

कासवाची वाट
संमतीपत्रावर जो सही करतो आणि दहा दिवस घरात बांधून ठेवायला तयार होतो, त्याचं. सही करायला कुणीच नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही नसबंदी आणि लसीकरण करून, रेबीजची लागण झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची उचलली तिथेच सोडायची असं होतं; नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-इस्पितळांसारख्या आवारांतली कुत्री त्यातून वगळली. ती यंत्रणा वेगळी, खर्च वेगळा, पिंजरे वेगळे. गुरुवारच्या खोलीत ते घुसवू नका.

स्टेथोस्कोप
नाखवांच्या जून-जुलैबद्दल. पावसाळ्यात ऑटोक्लेव्हमधून निघालेले सेट दमट हवेत लवकर वाळत नाहीत, आणि कापड ओलं राहिलं की त्यातून जंतू आत शिरतात. ओला सेट वापरायचा नाही, पुन्हा लावायचा. खारट हवेत कात्र्यांच्या सांध्यांना गंज धरतो तो वेगळाच. त्यात कुत्रं घरी जाऊन चिखलात लोळणार, आणि पावसात आपल्याकडे लेप्टोची साथ असते. कुत्र्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मांजरांना मात्र तुमचा मुद्दा पटतो. पाच-सहा दिवस कोरड्या खोलीत कोंडता आली तर मांजरं जूनमध्येही होतात, जखमही दोन-तीन सेंटीमीटरचीच असते.

म्हणजे वर्षभर गुरुवारचं केंद्र, आणि बंदीच्या दोन महिन्यांत एकेका वाडीतल्या फक्त मांजरींची मोहीम, रोज १२-१५ च्या वर नाही. असं केलं तर तुमचे ७० टक्केही गाठता येतील.

नाखवा
रोज पंधरा असतील तर मी वाद घालत नाही. पण मग सर्जन दोन महिने पुरवणार कोण? इंटर्न विद्यार्थी परळ नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आणावे लागतील, आणि त्यांच्या हाती एकट्याने सुरी देता येणार नाही. पशुधन पर्यवेक्षक पोट उघडू शकत नाही, ते नोंदणीकृत पशुवैद्याचंच काम. केटामाइन या भुलीच्या औषधाचा साठा आणि नोंदवहीही त्याच्याच नावावर.

स्टेथोस्कोप
तालुक्यातले आम्ही तिघे-चौघे आठवड्याचे दोन-दोन दिवस वाटून घेऊ शकतो. मानधन द्या मात्र. सुई-दोरा, हातमोजे आणि औषधं यांसोबत सर्जनचे पैसेही हिशोबात धरले नाहीत तर ते केंद्र दुसऱ्या वर्षी बंद पडतं.

गावकरी बाय
मांजरी केली की उंदीर मारत नाही, जाळी कुरतडतात, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?

सुरंगी
नाही. शिकार करणं माजावर अवलंबून नसतं. लठ्ठ होते ती जास्त खाऊ घातल्याने. आणि 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' यालाही काही आधार नाही. उलट न केलेल्या म्हाताऱ्या माद्यांत गर्भाशयात पू होतो आणि ते ऑपरेशन कितीतरी जोखमीचं. बोका असेल तर मात्र लक्षात ठेवा, नसबंदीनंतरही महिनाभर तो मादी गाभण करू शकतो. तेवढे दिवस कोंडा.

मालवणी खाजा
ह्या सगळा बरा, पण बोको धरतलो कोण? पिंजरे तीन, बोके तीस.

नाखवा
पिंजरा लागत नाही. उशीचा अभ्रा उलटा हातावर चढवायचा, मानेची कातडी धरायची आणि अभ्रा सुलटा करत आत घ्यायचं. मग कांद्याची जाळीदार गोणी वरून. जाळीतूनच भुलीचं इंजेक्शन देता येतं, डॉक्टरचा हात वाचतो. एका गोणीत एकच. आदल्या रात्रीच धरून कोंडायचं. मोकळं सोडलं तर पहाटे कुणाच्या तरी टोपलीतला बांगडा खाऊन येतं आणि भुलीत ओकतं, ते श्वासनलिकेत गेलं की संपलं. मोठ्यांना आठ तास उपाशी, पाणी सकाळपर्यंत चालेल. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना मात्र तीन-चार तासच, नाहीतर साखर उतरते.

सुरंगी
आणि गोणीला चिठ्ठी बांधा: घराचं नाव, बोका की मांजरी, शेवटचं खाणं किती वाजता. काळ्या बोक्यांची अदलाबदल हमखास होते.

स्टेथोस्कोप
गोणी उघडण्याआधी खोलीच्या खिडक्या लावून घ्या. कौलारू खोली असेल तर वाशांच्या वरची फटही.