जमरा, टीका आणि "मन भारी छ" (मन जड झालंय): परदेशातल्या नेपाळी सोबत्यांचे अनुभव

दोहारिटर्न:
आज घट उठवले, धान टोपीत खोचलं आणि दोह्याचा लेबर कॅम्प डोळ्यांसमोर आला. नेपाळी पोरंही घटस्थापनेलाच जव पेरायची, बंकखाली पत्र्याच्या डब्यात. दशमीला तोच जमरा, म्हणजे उगवलेले कोंब, आणि कपाळाला टीका, म्हणजे टिळा. २०१५ ला माझ्या स्कॅफोल्डिंग (परांची बांधणाऱ्या) गँगमधला एक भाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. नेपाळातल्या सिंधुपाल्चोकचा. एप्रिलच्या भूकंपात आई गेली, कंपनीनं रजा दिली नाही. सुतकाचं वर्ष, म्हणून टीका नाही. मी सेफ्टीवाला, म्हटलं, डॉक्टरकडे चल. ताडकन उठला, "मेरो दिमाग ठीक छ, दाइ!" त्यांच्यात मन दुखलं असं म्हणता येतं, दिमाग बिघडलं म्हणजे वेड. वेडा ठरला की परत पाठवतील ही भीती, आणि गावात सावकाराचं व्याज चालूच. मग मी रोज एवढंच विचारायचो, "निद्रा लाग्यो?" झोप लागली का? आठव्या दिवशी बोलला. दोन तास.
गल्फ, मलेशियात राहिलेल्यांनी लिहा ना.

मंदा_सिस्टर:
शारजात क्लिनिकला होते. मनाचं कुणी सांगत नाही हो. डोकं दुखतं, गॅस, हातपाय "झमझम" म्हणजे आपल्या झिणझिण्या. बीपी, शुगर नॉर्मल. घरी कोण कोण असतं एवढं विचारलं तरी रडायचे. पण बाहेर रांग. दोन गोळ्या देऊन पुढच्याला बोलवायचं. अजून टोचतं ते.

किरण७७:
बापरे. कुकर लावलाय, येते.

पिंपळपान:
आमच्या वॉचमनचा मुलगा मलेशियात. फोन आला नाही की त्याची आई जिन्याच्या पायरीवर बसून राहते, जेवत नाही. त्या वॉचमनला आम्ही सगळे दहा वर्षं बहादूर म्हणत आलो. खरं नाव परवा विचारलं. फार वाईट वाटलं.

सुहास_कतार:
दादा, आता इथे कतारमध्ये १६००० वर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. गावाकडच्यांसाठी नेपाळात ११६६. आणि त्यांची लिपी आपलीच की! मेसच्या दारावर नेपाळीत चिठ्ठी लावलीय, रूममेटकडून शुद्धलेखन तपासून घेतलं.

किरण७७:
आले. जव म्हणजे सातूच ना? आमच्याकडे घटात गहू.

दोहारिटर्न:
हो ताई, सातूच. मंदाताई, तुम्ही विचारत होतात, तेही कुणी करत नाही. तो भाई २०१८ ला गावी परतला. आज त्याच्या जमऱ्याचा फोटो आलाय.

किरण७७:
इथे टाका ना!

दोहारिटर्न:
त्याला विचारतो आधी.