शब्दचर्चा : कथाखेळाला एआय जोडताना ‘प्रॉम्प्ट’, ‘एको’ आणि ‘एजंट’

प्रश्न

मजकुरावर चालणारे कथाखेळ कमांड लाइनवरून एआयला खेळायला कसे द्यायचे, याची मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. खेळाची फाइल झेड-मशीनची, म्हणजे कथाखेळ चालवणाऱ्या एका आभासी यंत्राची आहे. ती चालवायला ‘डीफ्रॉट्झ’ हा प्रोग्राम आहे आणि मधला जोड पायथनमध्ये लिहिलेला आहे. मसुद्यातलं एक वाक्य असं : ‘एजंट प्रॉम्प्ट वाचतो, प्रॉम्प्टवर कमांड देतो आणि पुन्हा प्रॉम्प्ट येईपर्यंत थांबतो.’ या तीन प्रॉम्प्टांचा अर्थ एकच नाही, आणि वाचणारा इथेच अडखळतो. काय करावं? ‘एजंट’, ‘एको’ आणि ‘पार्सर’ (खेळाडूच्या आज्ञेतले शब्द ओळखणारा भाग) यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद

पहिला प्रॉम्प्ट म्हणजे एआयला दिलेला मजकूर : तू कोण आहेस, एका वेळी एकच आज्ञा दे, उगाच स्पष्टीकरण लिहू नकोस. याला ‘सूचना’ म्हणा. दुसरा आणि तिसरा प्रॉम्प्ट म्हणजे खेळाने ओळीच्या सुरुवातीला छापलेलं ‘>’ हे चिन्ह. ते काही सांगत नाही, विचारतं. गोष्ट सांगणारा थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या हुंकाराची वाट पाहतो, तशी ती जागा आहे. म्हणून ‘पृच्छा’ हा शब्द चांगला बसेल.

नाटकवाल्यांचा प्रॉम्प्टर आपल्याला ठाऊक आहे. विंगेतून तो नटाला पुढचं वाक्य पुरवतो. एआयच्या सूचनेशी त्याचं नातं आहे, ‘>’ शी मुळीच नाही. इंग्रजीत दोन्हींना एक शब्द पडला म्हणून मराठीनेही तेच करायचं कारण नाही.

मसुद्यातलं वाक्य मग असं होईल : ‘सूचनेनुसार एआय आज्ञा देतो आणि पुढची पृच्छा येईपर्यंत जोड थांबतो.’ थांबतो तो जोड, एआय नव्हे, हेही मूळ वाक्यात लपलं होतं.

प्रतिसाद

‘पृच्छा’ मान्य, पण तिचे प्रकार सांगितल्याशिवाय पुस्तिका पुरी होणार नाही. डीफ्रॉट्झ तीन कारणांनी थांबतो. आज्ञा हवी असते तेव्हा ‘>’ दिसतं. नुसती एखादी कळ हवी असते तेव्हा बहुधा ‘>’ नसतं. तिथे एक अक्षर आणि एंटर पाठवावं लागतं. आणि ‘सेव्ह’ म्हटल्यावर फाइलचं नाव विचारलं जातं, तिथेही ‘>’ नाही. जोडाने हे ओळखलं नाही तर एआयची पुढची आज्ञा फाइलचं नाव म्हणून जाते, आणि फोल्डरमध्ये ‘नॉर्थ’ नावाची जतनफाइल तयार होते. म्हणून मी आज्ञापृच्छा, कळपृच्छा आणि नामपृच्छा असे तीन शब्द वापरेन. लांब वाटतील, पण चूक कुठे होते ते शब्दातच कळतं.

पडदा भरला की येणारा ‘मोअर’ हा चौथा थांबा बंदच करावा. आज्ञा अशी : डीफ्रॉट्झ -एम -पी -डब्ल्यू २०० -एस ४२ खेळ.झेड५ (टंकताना रोमन लहान अक्षरं). ‘एम’ने मोअर जातं. ‘पी’ने साधी अक्षरं छापली जातात. ‘डब्ल्यू’ म्हणजे ओळीची रुंदी. ती ८० ठेवली तर वाक्यं मध्येच तुटतात आणि जोडात शोधलेला शब्दसमूह दोन ओळींत विभागला गेल्याने सापडत नाही. ‘एस’ने यादृच्छिक आकड्यांचं बीज ठरतं, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा दिल्या की तोच खेळ पुन्हा घडतो. चूक शोधताना याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. जोड मात्र पहिल्याच वर्णनानंतर गप्प बसतो. चूक काहीच दाखवत नाही. याला ‘हँग’शिवाय शब्द आहे का?

प्रतिसाद

नेमका शब्द ‘कोंडी’. जोड ओळ-ओळ वाचत असणार. ओळ संपली हे नवओळचिन्हावरून कळतं, आणि ‘>’ नंतर नवओळ येतच नाही. जोड ओळ पुरी होण्याची वाट पाहतो, खेळ आज्ञेची. दोघेही बरोबर वागताहेत आणि दोघेही अडकले आहेत, म्हणूनच चूक दिसत नाही. उपाय : ओळ न वाचता मिळतील ते बाइट वाचा, आणि साठलेला मजकूर ‘नवओळ आणि >’ याने संपला की थांबा. ‘>’ फक्त शेवटी तपासा, वर्णनातही ते येऊ शकतं. दोन सेकंद काहीच आलं नाही तर ती कळपृच्छा किंवा नामपृच्छा समजून शेवटची ओळ तपासा.

दुसरं कारण बफर. प्रोग्राम टर्मिनलला जोडलेला असतो तेव्हा सी-भाषेचं लायब्ररी ओळीगणिक मजकूर सोडतं. पाइपला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे मजकूर नेणाऱ्या वाटेला, जोडलं की हजारो बाइट साठेपर्यंत रोखून धरू शकतं. ‘बफर’ला ‘साठा’ म्हणा आणि ‘फ्लश’ला ‘साठा सोडणे’. धरणाचं पाणी सोडतात तेच क्रियापद, कुणाला समजावावं लागणार नाही. आपल्या बाजूनेही हे विसरू नये : पायथनमधून आज्ञा लिहिल्यावर नवओळ जोडून साठा सोडलाच पाहिजे, नाहीतर आज्ञा आपल्याच पाइपच्या तोंडाशी पडून राहते.

प्रतिसाद

‘एको’साठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे : री ओढणे. पेक्सपेक्ट ही पायथनची लायब्ररी वापरून खेळ खोट्या टर्मिनलवर चालवला की बफरचा प्रश्न सुटतो, पण पाठवलेली प्रत्येक आज्ञा उत्तराच्या डोक्यावर परत येते. पोवाड्यात शाहिराची री झीलकरी ओढतात. इथे ती टर्मिनल ओढतं, खेळ नव्हे. म्हणून साध्या पाइपवर री येत नाही. ती बंद करायला पेक्सपेक्टमध्ये ‘एको=फॉल्स’ द्या. नाही दिलं तर एआयला आपलीच आज्ञा खेळाच्या उत्तराचा भाग वाटते आणि तो ती पुन्हा देत सुटतो. खोट्या टर्मिनलवर ओळीच्या शेवटी आणखी एक अदृश्य चिन्हही येतं, कॅरेज रिटर्न. तेही काढा.

प्रतिसाद

आता ‘एजंट’. ‘अभिकर्ता’ सरकारी कागदावर शोभतो, बोलण्यात येत नाही. दलाल आणि अडत्या सौदा जुळवतात, इथे सौदा नाही. ‘हस्तक’ला वाईट वास आहे. गुमास्ता, म्हणजे नेमलेला माणूस, जवळचा आहे. पण आज तो शब्द दुकानाच्या परवान्यापुरता उरला आहे.

माझं मत ‘मुखत्यार’ला. अरबी ‘मुख्तार’वरून आलेला हा शब्द ‘ज्याला अधिकार आहे तो’ असं सांगतो, आणि मराठी माणसाला मुखत्यारपत्र माहीत आहे. कुलमुखत्यारपत्र दिलं की सगळे व्यवहार त्याच्या हाती. खास मुखत्यारपत्रात ठरावीक कामच. एआय जोडताना हाच प्रश्न असतो. त्याचा मजकूर फक्त खेळाच्या इनपुटमध्ये जावा, शेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कधीही नाही. उत्तरात चार ओळी आल्या तर पहिलीच घ्यावी, नाहीतर चार आज्ञा एकदम जातात आणि पुढची प्रत्येक पृच्छा चुकीच्या उत्तराशी जुळते. डीफ्रॉट्झच्या नव्या आवृत्त्यांत मोठ्या ‘आर’ पर्यायाने फाइल लिहिण्या-वाचण्याला एकच फोल्डर नेमून देता येतं. हे झालं खास मुखत्यारपत्र. ‘एजंट’ म्हटलं की ही मर्यादा डोळ्यांसमोर येत नाही, ‘मुखत्यार’ म्हटलं की ‘कशापुरता?’ हा प्रश्न आपोआप येतो.

प्रतिसाद

मुखत्यार आवडला, तरी शीर्षकात ‘एआय एजंट’ राहू द्या. शोधणारा तेच टंकणार. आत एकदा सांगून पुढे मुखत्यार वापरा.

प्रश्नकर्ता

ठीक, तसंच करतो. पार्सर राहिला. खेळ मराठीत लिहायचाही विचार आहे.

प्रतिसाद

शाळेत आपण ‘व्याकरण चालवणे’ म्हणतो, पार्सिंग तेच. नाम हवं असेल तर ‘पदपरिस्फोट’ आहे, पण पार्सर या यंत्राला पार्सरच म्हणावं.

मराठी खेळाची अडचण शब्दाची नाही, जागेची आहे. झेड-मशीनच्या तिसऱ्या आवृत्तीत शब्दकोशातल्या शब्दाची ६ चिन्हंच लक्षात राहतात, चौथीपासून पुढे ९. इंग्रजीचं लहान अक्षर एका चिन्हात मावतं. मूळ वर्णतक्त्याबाहेरच्या अक्षराला ४ चिन्हं लागतात, म्हणजे ९ चिन्हांत देवनागरीची दोनच अक्षरं पुरी मावतात, आणि त्यात मात्रा वेगळी मोजली जाते. ‘दिवा’ आणि ‘दिवाण’ दोन्ही ‘द’ आणि इकारावरच तुटणार. पाचव्या आवृत्तीपासून वर्णतक्ता बदलता येतो, पण ते काम किचकट आहे. त्यापेक्षा ग्लुल्क्स हे दुसरं आभासी यंत्र घ्या; अँड्र्यू प्लॉटकिन यांनी १९९९मध्ये ते झेड-मशीनच्या मर्यादा ओलांडण्यासाठी आणलं. कथाखेळ लिहिण्याच्या इन्फॉर्म भाषेच्या कंपायलरमधल्या ‘डिक्ट वर्ड साइज’ने शब्दाची लांबी वाढते आणि ‘डिक्ट कॅर साइज’ ४ केली की शब्दकोशात युनिकोड बसतं.

क्रियापदांची काळजी नको. ‘उघड’, ‘उचल’, ‘बस’ ही आज्ञार्थी एकवचनं म्हणजे धातूच आहेत, कोशात जशीच्या तशी घालता येतात. नामांची मात्र विभक्तिरूपं द्यावी लागतात : दिवा, दिव्याला, दिव्याने. खेळ बोलतानाही ‘तू’च म्हणू द्या. आज्ञा ‘उघड’ आणि उत्तर ‘तुम्ही दार उघडलंत’, हे कानाला खटकतं.

प्रतिसाद

ग्लुल्क्सकडे वळलात तर वरची अर्धी चर्चा सोपी होते. ‘ग्लुल्क्सी’ हा दुभाषी ‘रेमग्लके’ या लायब्ररीसह बांधला की सगळी देवाणघेवाण जेसनमध्ये, म्हणजे नावं-किमतींच्या ठरावीक साच्यात, होते. ‘>’ शोधावं लागत नाही. खेळ स्वतःच सांगतो की त्याला ओळ हवी आहे की कळ. प्रत्येक उत्तरासोबत ‘जेन’ (जनरेशन) नावाचा क्रमांक येतो आणि पुढच्या आज्ञेत तोच परत पाठवावा लागतो. जुना पाठवला तर आज्ञा स्वीकारली जात नाही. सरकारी पत्रव्यवहारात ‘आपले पत्र क्रमांक अमुक’ लिहितात तसाच हा ‘संदर्भ क्रमांक’. पुस्तिकेत हाच शब्द ठेवा, ‘पिढी’ नको.