बीपी कायम लो, घरच्या घरी काय करता येईल?

चाफेकळी: बहिणीचं बीपी नेहमी ९०/६० च्या आसपास असतं, सकाळी ओट्याशी उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात चतुर्थी, एकादशी सगळे उपास. गोळीशिवाय काही उपाय?

सह्यकन्या: आधी उपास बंद करायला सांग गं. उठल्याउठल्या दोन ग्लास पाणी, मग मीठ-जिरं घातलेलं ताक, भाताची पेज. एकदम भरपेट जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं. अंथरुणातून पाय हलवून, दोन मिनिटं बसून मगच उठायचं. अंधारी आली की पाय क्रॉस करून मांड्या घट्ट आवळायच्या, खरंच फरक पडतो, नाहीतर सरळ खाली बसायचं.

रानजाई: मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर नक्कीच. पाळीत अंगावरून जास्त जातं का तिच्या? हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉईड तपासून घ्या. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांत बीपी मोजा, वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवाच. चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखलं तर ताकबिक करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

चाफेकळी: पाळीत खूप जातं हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ततपासणी) करून घेते.