मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क, गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जाऊन नेमकं करायचं काय?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नाशिकला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) पहिल्या वर्षाला आहे. पदवी बी.कॉम.ची, त्यामुळे समाजकार्याची परिभाषा यंदाच कानावर पडतेय. वर्गातलं जमतं. केसवर्क, ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन, पेपरात लिहिता येईल एवढं डोक्यात शिरलंय. घोडं अडलंय फील्डवर्कवर.

आठवड्यातले दोन दिवस एका संस्थेमार्फत गिरणाऱ्याला जाते. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: दिवाळीच्या सुमारास पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. गिरणाऱ्यात सकाळी त्यांचा बाजार भरतो. बागाईतदार पिकअप घेऊन येतात, मुकादमाशी भाव ठरतो, टोळी गाडीत चढते. नऊ वाजले की बहुतेक रस्ता मोकळा.

मी पोचले की बायका घोळका करतात, "किती बाया पाहिजे?" काम द्यायला आले नाही, कॉलेजातून आलेय म्हटलं की, "मग फॉर्म भरायचा हाय का?" तेही नाही म्हटल्यावर त्या मान वळवून रस्त्याकडे बघायला लागतात. त्यांचं बरोबरच आहे, पण मी पुढे काय बोलू? आणि नऊनंतर दिवसभर करू काय?

भरीस भर म्हणजे रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्येक भेटीचा लेखी रिपोर्ट. सुपरवायझर मॅडमनी आयसीमध्ये (एकेकट्या विद्यार्थ्याशी होणारी चर्चा) रिपोर्ट परत दिला. म्हणाल्या, यात कळवळा भरपूर आहे, प्रक्रिया कुठे आहे? प्रक्रिया म्हणजे नक्की काय लिहितात? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. घरी विचारायची सोय नाही. आमच्या पप्पांच्या मते समाजसेवेला डिग्री लागत नाही, मन लागतं.

सातपूर_शिफ्ट

ताई, मनावर घेऊ नका. हे वर्ष काढा आणि दुसऱ्या वर्षाला एचआर घ्या. मोठ्या कारखान्यात कायद्यानं कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत त्यासाठी एमएसडब्ल्यूवाले घेतात. नाक्यावर उभं राहून पोट भरत नाही.

गोदाकाठची

दादा, स्पेशलायझेशनचं पुढच्या वर्षी बघू. आत्ता येत्या फेरीला काय करू ते सांगा की.

थॉमसन_सीडलेस

मी बागाईतदार आहे, म्हणजे तुमच्या गोष्टीतला पिकअपवाला. एक सांगतो. भाव ठरत असताना मजुराला बोलण्यात गुंतवू नका. ती दहा मिनिटं चुकली तर त्याचा दिवस जातो, आणि तुमच्याबद्दल जे मत होईल ते कायमचं.

दुसरं, कामाचं वेळापत्रक समजून घ्या. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं) ही कामं एकामागून एक येतात, टोळ्या एकरी ठेका घेतात. त्या दिवसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी जेवायच्या सुट्टीत बागेत या, पण मालकाला विचारून या, आणि फवारणी चालू असेल तर आत पाऊल टाकू नका. आणि हो, आमच्याशीही बोला. कॉलेजची पोरं आली की आम्ही सरसकट शोषक ठरतो, द्राक्षाला भाव नसतो तेव्हा कुणी वही घेऊन येत नाही.

जुनी_एमएसडब्ल्यू

वरच्या बागाईतदार काकांचं पहिलं सांगणं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. शेवटच्यावर भांडण होऊ शकतं, पण इथे नको.

नऊनंतर रस्ता मोकळा होतो म्हणतेस, पण पूर्ण होतो का? ज्यांना काम मिळालं नाही ते उरतातच. लेकुरवाळी बाई, वय झालेला माणूस, नवीन आलेली जोडी. वेळ त्यांच्याकडे आहे आणि अडचण सगळ्यात मोठी त्यांचीच. तुझं काम तिथून सुरू होतं. ओळख एवढीच दे: "मी शिकायला आले, अमुक संस्थेकडून येते, दर आठवड्याला याच दिवशी येईन. काम किंवा पैसे माझ्याकडे नाहीत. कागदपत्रांची माहिती काढून देऊ शकते." आणि त्या दिवशी खरंच ये. उन्हाचं वगैरे कारण चालत नाही.

मग एकच धागा धर. मी तू असते तर रेशन धरलं असतं. कार्ड गावचं असलं तरी पोर्टेबिलिटीमुळे दुसरीकडच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. पण त्या माणसाचं नाव कार्डावर आहे का, आधार जोडलंय का, आणि गावाकडे राहिलेली सासू त्याच कार्डावर धान्य उचलते का, हे विचारल्याशिवाय सल्ला देऊ नकोस, नाहीतर तिकडे म्हातारी उपाशी राहील. नऊनंतरचा वेळ याच्यातच जाईल: रेशन दुकानदार, ग्रामपंचायत, अंगणवाडी. पोरं सोबत आणली असतील तर शाळेत शिक्षण हमी कार्डाबद्दल विचार, स्थलांतरित मुलांसाठीच ते आहे.

यातले काही जण हंगाम संपला की स्लॅबच्या, सेंट्रिंगच्या कामावर जातात. मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर ९० दिवस भरले असतील आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. द्राक्षाचं काम त्यात धरत नाहीत. हा फरक आधी स्वतः नीट समजून घे.

आता रेकॉर्डिंग. "मजुरांची अवस्था पाहून मन हेलावले" हे वाक्य तुझ्या रिपोर्टात आहे ना? सगळ्यांच्याच असतं. त्याच्याऐवजी असं लिही:

"शेवटची गाडी गेल्यावर चार बायका थांबल्या होत्या. मी विचारलं, रेशन कुठे घेता? एक म्हणाली, गावाला, सासू घेती. दुसरी हसली आणि गप्प राहिली. तिच्याकडे कार्ड नसावं असं मला वाटलं, पण सगळ्यांसमोर विचारलं नाही. पुढच्या भेटीत तिच्याशी एकटीशी बोलायचं, त्याआधी दुकानदाराला भेटायचं."

कोण काय बोललं, तुला काय वाटलं, तू काय केलंस किंवा मुद्दाम केलं नाहीस, आणि पुढे काय. प्रक्रिया म्हणतात ती हीच. त्याच दिवशी लिही, रविवारी बसून सगळे रिपोर्ट एकदम पाडलेले मॅडमना लगेच कळतात. खरी नावं मात्र लिहू नकोस.

पप्पांना सांग, मन लागतंच. पण मनाने रेशन कार्ड पोर्ट होत नाही.

गोदाकाठची

ताई, "मन हेलावले" खरंच आहे, शब्द न् शब्द! काका, तुम्हालाही धन्यवाद, दुपारच्या सुट्टीचं संस्थेत बोलते.

अजून एक. एका भाऊंचे बांधकामाचे दिवस भरतायत, पण ठेकेदार दाखला देत नाही. ग्रामसेवकही ९० दिवसांचं प्रमाणपत्र देऊ शकतात असं वाचलं. मी जाऊन भेटले तर चालेल?

जुनी_एमएसडब्ल्यू

चालेल, पण भाऊंना सोबत घेऊन, संस्थेचं पत्र खिशात ठेवून. आधी किती दिवस कुठल्या साइटवर काम केलं ते त्यांच्याकडून लिहून घे, तारखा आठवत नसतील तर सणावारावरून काढ. ऑफिसात बोलायचं त्यांनी, अडलं तरच तू. अर्ज त्यांचा आहे.