मदत हवी आहे: पिकअप सकाळी धरत नाही, पंप उघडायला देऊ का?

कातळकाठ

नमस्कार. देवगड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे २००९ ची बोलेरो पिकअप आहे. २.५ लिटरचं डीआय टर्बो इंजिन, इंजिनाला डिझेल पुरवणारा साधा यांत्रिक पंप, सेन्सरबिन्सर काही नाही. बाबांनी घेतलेली गाडी, आता मी चालवतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आंबा सुरू झाला की मे संपेपर्यंत तिला एक दिवस उसंत नसते. म्हणजे हातात जेमतेम महिना आहे आणि खर्चायला वीस हजार. त्यावर काढता येणार नाहीत, फवारणीच्या औषधांची उधारी अजून फेडायची आहे.

दुखणं असं आहे. सकाळी पहिल्यांदा गाडी धरतच नाही. सेल्फ दणकून फिरतो, बॅटरी चौदा महिन्यांपूर्वीची आहे. वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारला की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, मग एक सिलिंडर, दुसरा असं करत इंजिन कसंबसं पकडतं. मिनिटभर थरथरतं आणि नंतर एकदम सुरळीत. दिवसा गरम असताना हाफ सेल्फला चालू होते. तीन-चार तास उभी राहिली की पुन्हा तेच.

दुसरं घाटातलं. मागच्या महिन्यात माल घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला निघालो होतो. अर्ध्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने जीव सोडला. बंद नाही पडली, पण ॲक्सिलरेटर तळाला दाबूनही उचलेना. कडेला घेतली, बंद करून दहा मिनिटं थांबलो, मग काही झालंच नाही अशी दाजीपूरपर्यंत चढली. लिटरला बारा देणारी गाडी आता दहावर आली आहे.

गॅरेजवाल्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच सांगितलं, "पंप काढूचो लागतलो, नोजल पण." म्हणजे पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल, दोन्ही. खर्च पस्तीस हजार. ते वाईट माणूस नाहीत, बाबांच्या वेळेपासून तेच बघतात. पण त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटंही पाहिलं नाही याचं वाईट वाटलं. पंप खरंच गेला असेल तर मी कुठून तरी पैसे उभे करीन. गेला नसेल तर एवढे पैसे घालून गाडी तशीच राहील. घरी, साध्या पान्यांनी, पंपाचा दोष आहे की नाही हे ठरवता येईल का?

आतापर्यंत डिझेल फिल्टर बदलला, सेल्फचे बुश बदलले, एअर फिल्टर साफ केला.

तेलकट_हात

दादा, पंप अजिबात उघडू नका. आधी एवढं सांगा. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप (डिझेल भरून हवा काढायचा) दाबून पाहिलात का? तो मऊ लागतो की कडक? हातपंप मारल्यावर गाडी लवकर धरते का? आणि गाडी रात्री सपाटीला उभी असते की उतारावर?

मल्टिमीटर मिळाला तर बॅटरीही बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ फिरत असताना दहाच्या फार खाली जाता कामा नये. सेल्फ एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर पंप राहील बाजूला आणि सेल्फ जळेल.

कातळकाठ

तुम्ही विचारलंत म्हणून दोन दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं.

हातपंप सकाळी अगदी मऊ असतो. पंचवीस-तीस वेळा दाबला की कडक होतो आणि मग गाडी दोन सेकंदांत धरते. धूरही नाही.

उताराचं तर माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमचं खळं रस्त्यापेक्षा उंच आहे, गाडी तोंड वर करून चढवतो आणि तशीच ठेवतो. काल उलटी लावली, तोंड खाली. आज सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली! बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४.

तेलकट_हात

मग बरंच काही कळलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बसलेलं असतं किंवा नोजल गेले असते तर हातपंप मारून एवढा फरक पडला नसता आणि गाडीचं तोंड कुठे आहे यानेही पडला नसता. गाडी एअर घेते आहे.

टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. त्या भागात बारीक भोक किंवा ढिला जोड असला तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि सगळे पंपाला दोष देतात. गाडी बंद झाली की त्याच भोकातून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं. तोंड वर असलं की आणखी लवकर. सकाळी पंपाला हवाच मिळते.

आता भोक कुठे आहे ते शोधायचं. बाटली लावून बघा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात ताजं डिझेल. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी फिल्टरजवळ सोडवा, तिच्या जागी डिझेलला चालणारी नवी रबरी नळी लावून दुसरं टोक कॅनमध्ये बुडवा. परतीची नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन रिकामा होऊन सगळं टाकीत जाईल. टाकीकडच्या सुट्या टोकाला बूच मारा. कॅन पक्का बांधा, टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब. हातपंपाने हवा काढा, पाच मिनिटं इंजिन चालवा आणि रात्रभर तशीच ठेवा, तोंड वर करून.

पहिल्या रात्री कॅन फिल्टरपेक्षा उंच ठेवा. सकाळी लगेच धरली तर पंप आणि इंजिन निर्दोष. पण एवढ्यावर थांबू नका. कॅन उंच असला की डिझेल आपल्या वजनाने खाली येतं आणि फिल्टरच्या पुढची गळती लपून राहते. दुसऱ्या रात्री कॅन जमिनीवर, टाकीच्या पातळीला ठेवा. तरीही धरली तर दोष नक्की टाकी ते फिल्टर या भागात. नाही धरली तर फिल्टरचं डोकं, त्याची रबरी रिंग, हातपंप आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बघायचे. फिल्टर बदलताना नवी रिंग घातली होती का?

एक मनापासून सांगतो. गाडी चालू असताना पंपाकडून नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांजवळ बोट फिरवून गळती शोधू नका. तिथला फवारा कातडीतून आत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. आणि एअर फिल्टरमध्ये स्प्रे मारून गाडी चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

नागमोडी

मी राधानगरी भागात गाडी चालवतो, फोंड्याचा चढ रोजचा आहे. घाटात जीव सोडणं आणि दहा मिनिटांनी बरं होणं, हे माझ्या जुन्या गाडीला होतं. टाकीतली घाण. पूर्ण जोर लागला की डिझेलची ओढ वाढते, घाण जाऊन जाळीला चिकटते. बंद केलं की ओढ संपते आणि ती खाली पडते. पुन्हा असं झालं तर आधी टाकीचं झाकण उघडून पाहा. सुस्स आवाज करत हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. ते तारेने साफ होतं.

पावसाळ्यात गाडी उभीच असते का? टाकीत डिझेल किती असतं?

कातळकाठ

जुलै ते सप्टेंबर जवळजवळ उभीच, पाव टाकीवर. फिल्टरची जुनीच रिंग पुसून घातली होती, माझ्याच हाताने. बाटली आज लावतो.

शहाणपट्टी

एक वेगळं मत. पंधरा वर्षं उलटलेली गाडी आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. किती दिवस पैसे घालणार? विकून हप्त्यावर लहान टेम्पो घ्या.

कातळकाठ

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि घरीही यावर बोलणं झालं आहे. पण आमची कमाई वर्षातल्या तीन महिन्यांची. हप्ता मात्र बारा महिने जातो. एखाद्या वर्षी मोहोर काळा पडला किंवा अवकाळी आला तर हप्ता भरणार कसा? ही गाडी आमच्या मालकीची आहे. चेसिस तपासून घेतलं आहे, कुठे कुजलेलं नाही, इंजिन तेल खात नाही. म्हणून आधी हिलाच उभी करायची आहे.

कातळकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखं कोणी अडलं असेल तर उपयोग होईल.

पहिली रात्र कॅन उंच: सकाळी हाफ सेल्फला चालू. दुसरी रात्र कॅन जमिनीवर: चालू झाली, पण तीन-चार सेकंद लागले. म्हणजे मोठा दोष मागे आणि थोडा पुढेही. फिल्टर उघडला तर माझी पुसून घातलेली रिंग एका ठिकाणी चपटी झालेली, नख लावलं तर तडा दिसला. ती बदलली, बँजोचे चारही वायसर नवे घातले. कॅन खालीच ठेवून पुन्हा एक रात्र, सकाळी लगेच धरली.

मग मागचा भाग. गाडीखाली शिरून टाकीपासूनची लोखंडी नळी कापडाने पुसत पुढे आलो. चेसिसच्या आडव्या पट्टीवरून ती जाते तिथे क्लिप आहे, क्लिपखाली रबर. त्या खोबणीत लाल माती, काजूची कुजलेली पानं, सगळं गच्च बसलेलं. समुद्र आमच्याकडून दोन किलोमीटर, खारी हवा आणि ओली माती, नळीचं काय झालं असेल! वरून रंग शाबूत होता. क्लिप काढली आणि रबर सरकवलं तर नळीचा पापुद्राच हातात आला. खाली डिझेलचा ओलसर डाग, थेंब नाही. तुम्ही म्हणालात अगदी तसंच. क्लिप काढल्याशिवाय हे कधीच दिसलं नसतं.

पूर्ण नळी नवी घातली. जोडांना डिझेलची रबरी नळी आणि स्क्रूच्या क्लिपा. नवी नळी पट्टीवरच्या खोबणीत न बसवता बाजूने नेली, म्हणजे माती साठणार नाही.

टाकीही उतरवली. नागमोडी, तुमचं निदान तंतोतंत. तळाला मूठभर तपकिरी चिखल, पाणी वेगळं, आणि ओढनळीच्या जाळीवर शेवाळासारखा थर. डिझेल आणि साखळी घालून टाकी तीनदा घुसळली, कापडाने पुसून उन्हात ठेवली. टाकीच्या एका कोपऱ्याला डाग दिसला तेव्हा वेल्डिंग करून घ्यावं असं मनात आलं, पण तो नुसता गंज निघाला.

खर्च: नळी आणि क्लिपा ११५०, नवा फिल्टर रिंगसह ५८०, वायसर ८०, रबरी नळी ३००, टाकी उतरवायला मदतीला आलेल्या पोराला ७००. एकूण २८१०. चार सकाळी तोंड वर करून उभी ठेवली, चारही वेळा लगेच चालू. काल अर्धा टन जांभा भरून फोंडा चढून आलो, तिसऱ्या गिअरमध्ये, कुठेही मान टाकली नाही. बाबा शेजारी बसले होते. वर पोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत, फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

तेलकट_हात

वाचून फार बरं वाटलं. वेल्डिंगचा विचार सोडलात ते उत्तम केलंत. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, पूर्ण धुऊन काढल्याशिवाय तिला आग दाखवायची नाही. नवा फिल्टर हजार किलोमीटरवर पुन्हा बघा, टाकीतली उरलीसुरली घाण त्यात येईल. तळाच्या बुचातून पाणी सोडत जा. आणि यंदा पावसाळ्यात टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच आत पाणी करते.

कातळकाठ

ठीक. आता सतरा हजार उरले आहेत. एप्रिलमध्ये पासिंग आहे. हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी सडला आहे, मागचे दोन टायर गुळगुळीत व्हायला आले आहेत आणि मागचं डावं चाक आतून ओलं दिसतं, घाटातून उतरताना ब्रेक किंचित उजवीकडे ओढतो. पैसे आधी कुठे घालू?

नागमोडी

हे विचारायचंच नाही. आधी ब्रेक, मग टायर, पत्र्याला सध्या आतून फळी टाका. फोंडा चढायला इंजिन लागतं, पण पेट्या भरून उतरताना तुम्ही आणि शेजारचा माणूस फक्त ब्रेकवर असता.

ओलावा कसला आहे ते बोटावर घेऊन बघा. चिकट, जाड, गंधकासारखा वास म्हणजे मागच्या एक्सलच्या हाउसिंगचं तेल, एक्सलचं सील गेलं आहे. पातळ आणि जरा तिखट वास असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय. दोन्हींत ब्रेकचे लायनर भिजले असतील तर धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे नवे घाला, एकाच बाजूचे नाही. ब्रेक ऑइलची टाकी किती खाली गेली आहे तेही बघा.

कातळकाठ

ब्रेक ऑइलची पातळी खुणेवरच आहे, आत्ता टॉर्च लावून पाहिली. बोटाला लागलेलं जाड आहे आणि वास उग्र. म्हणजे सील. उद्या सकाळी चाक काढून ड्रम उघडतो आणि फोटो टाकतो. सील बसवण्याआधी एक्सलवर चर पडली आहे का तेही बघायचं असतं ना? ते कसं ओळखायचं, कोणी सांगेल का?