मोनेचा मोतीबिंदू

मोतीबिंदू काढला की चित्रकार महिन्याभरात पुन्हा कामाला लागतो, असं कुणी कुणी म्हणतं. आजच्या काळात असेलही. पण फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं बघा. १९१२ मध्ये निदान झालं, तरी ऑपरेशनच्या धास्तीने त्याने दहा वर्षं ढकलली. तोवर ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यायचे आणि पॅलेटवरचा त्यांचा क्रम अजिबात बदलायचा नाही, असा कारभार! त्यातच एप्रिल १९२२ मध्ये कमळांची ती अजस्र चित्रं सरकारला दोन वर्षांत द्यायचा करार करून बसला.

१९२३ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि खरी पंचाईत पुढेच झाली. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत, जाड चष्म्यावर भागवायचं. त्यात कधी सगळं पिवळं दिसे, कधी निळं. स्वारी डॉक्टरवरच उखडली. रंगीत काचा लावून बघितल्या, तेव्हा कुठे १९२५ मध्ये हात मनासारखा चालू लागला. डाव्या डोळ्याला मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

अर्थात सगळा दोष डोळ्यांचा नव्हे, चित्र हातावेगळं करणं त्याच्या जिवावरच यायचं. फ्रान्सचा माजी पंतप्रधान क्लेमांसो त्याचा मित्र, तोही वैतागला होता. डिसेंबर १९२६ मध्ये मोने गेला, आणि ती चित्रं पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली मे १९२७ मध्ये.