मदत हवी आहे: हॉलमध्ये ट्रेडमिल ठेवायचीये, पण हॉलची जिम व्हायला नको (रविवारच्या आत सांगा)

माडीवरची:
नमस्कार. जरा लवकर उत्तरं द्या प्लीज, रविवारी टेम्पो येतोय. नणंदबाईंचं इचलकरंजीतलं घर रिकामं होतंय, ते सगळे पुण्याला चाललेत आणि त्यांची ट्रेडमिल आम्हाला फुकट मिळतीये. मी आत्ताच पळायला लागलीये, फार काही जमत नाही अजून पण सोडायचं नाही एवढं नक्की. तर प्रश्न पळण्याचा नाहीये, हॉलचा आहे. हॉल मी एकेक वस्तू बघून हौसेनं लावलाय. आजेसासऱ्यांचा सागवानी दिवाण घासूनपुसून पॉलिश करून घेतला, त्यावर खणाची कव्हरं शिवली, कोनाड्यात पितळी समई, टीव्हीसुद्धा मुद्दाम आतल्या खोलीत हलवला. आणि आता तिथं ते काळं धूड येऊन बसणार. कुठं ठेवू, कशानं झाकू, पडदा की लाकडी जाळीचं पार्टिशन? त्याला बाहेरनं रंग मारता येतो का? फोटो चढत नाहीये, सॉरी.

शिरोली_नाका:
ताई, मापं सांगा की आधी. हॉल केवढा, मशीन केवढं, घडी होतं का, घरात लहान पोरं आहेत का. नुसतं पडदा की पार्टिशन म्हटल्यावर काय सांगणार?

माडीवरची:
हॉल बारा बाय चौदा असेल. मशीन मोठंच आहे, नणंदेच्या मिस्टरांसाठी घेतलं होतं आणि ते शंभर किलोचे आहेत. घडी होते म्हणे. मुलगा आहे, बालवाडीत. पडदा की पार्टिशन?

आबा_तालीमवाले:
रंकाळा आटला काय? जागच्या जागी पळून कुठं जायचं असतंय ते आम्हाला तरी कळलं नाही. आमच्या वेळी पहाटे उठून पोरं टेंबलाईच्या टेकडीवर पळत जायची, आल्यावर जोर-बैठका, मग गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घ्यायची आणि फेसासकट ग्लास खाली. कुणाला पट्टा लागला नाही न् मीटर लागला नाही. मशीन परत पाठवा सूनबाई.

शांत_पिवळा:
पार्टिशन नको, उजेड अडतो. घडी करून दिवाणाच्या मागे उभी करा आणि वर इरकल साडीचं झाकण शिवा, काठ खाली येईल असं. जुन्या सागवानाजवळ काळा रंग तसा वाईट दिसत नाही, वाईट दिसते ती वायर. भिंत कुठल्या रंगाची आहे? चुना असेल तर...

वास्तुरंग:
जड वस्तू नैऋत्येला ठेवावी. पळताना तोंड पूर्वेला. ईशान्येला अजिबात नको, घरात वाद होतात.

शिरोली_नाका:
वाद तर इथंच सुरू होतील आता.

तुळई_सत्तावीस:
एक मिनिट. धागाकर्तीचं नाव 'माडीवरची' आहे. ताई, हा हॉल वरच्या मजल्यावर आहे का? आणि घर जुनं लाकडी आहे का स्लॅबचं?

माडीवरची:
हो, पेठेतलं जुनं घर आहे. खाली तुळया, त्यावर फळ्या, वर माती घालून शहाबादी फरशी. छान गार असतं उन्हाळ्यात. पण त्याचा काय संबंध?

तुळई_सत्तावीस:
सगळा संबंध त्याचाच आहे हो. मी सिव्हिलवाला आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. ऐंशी-शंभर किलोचं कपाट असतं तर मी काही बोललो नसतो, ते बापडं गप उभं राहतं. पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट दणका खाली जातो, तोही मशीनच्या पायांतून चार जागी, आणि मिनिटाला दीडशे वेळा. जुन्या माडीवर नुसता मुलगा उड्या मारायला लागला की खालच्या खोलीत फळ्यांच्या फटीतनं माती गळते का नाही बघा. तुळईची मधली जागा वरवर ठीक दिसते, खरी गडबड असते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला. आपल्याकडच्या पावसात भिंत भिजते, टोक आतनं कुजतं आणि बाहेरनं पॉलिश चकाचक. त्या टोकाला जुना स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, मऊ लागलं तर लगेच मिस्त्रीला दाखवा, ट्रेडमिल येवो न येवो.
आणखी दोन गोष्टी. हॉलची उंची किती? आणि खाली कोण झोपतं?

माडीवरची:
उंची मोजली नाही. मी हात वर केला की तुळईला लागतो. खाली सासूबाई झोपतात, पण त्या पाचला उठतात. माती गळते हो थोडी, त्यांच्या मच्छरदाणीवर पडते, पण ती आधीपासनंच.

तुळई_सत्तावीस:
मशीनचा पट्टा जमिनीपासून अर्धा फूट तरी वर असतो. त्यावर तुम्ही, त्यावर पळतानाची उसळी. हात टेकतोय म्हणजे डोक्याच्या वर दीड फूट पण नाही, त्यातला अर्धा फूट मशीननेच खाल्ला. तुम्ही कशाबशा बसाल, तुमचे मिस्टर उंच असले तर तुळई कपाळाला. पंखा असेल तर बोलायलाच नको. शिवाय मागे सहा फूट मोकळी जागा सोडायची असते, पाय घसरला तर माणूस मागं फेकला जातो. तुमच्या मागं दिवाण.

शांत_पिवळा:
दिवाण हलवता येईल ना, खिडकीखाली घ्या.

माडीवरची:
दिवाण हलणार नाही. तो तिथंच आहे आणि तिथंच राहणार.

आबा_तालीमवाले:
खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९५२ साली ब्राँझ आणलं खाशाबांनी. इथं दिवाण हलंना झालाय.

शिरोली_नाका:
आबा एक नंबर 😂 पण खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, सातारावाले ऐकतील.

आबा_तालीमवाले:
शिकले कुठं? कोल्हापुरात. घडले कुठं? कोल्हापुरात. आणि स्वप्नील कुसाळे तर राधानगरी तालुक्यातलाच, कांबळवाडीचा. पॅरिसला २०२४ ला मेडल घेतलं पोरानं. त्याचं सातारा सांगू नका.

नागाळा_पार्क_१०के:
विषय कुठं चाललाय. ताई, पळणारा म्हणून विचारतो, तुम्ही सध्या पळता कुठं, किती, कशात? आणि ट्रेडमिल हवीच का आहे? फुकट मिळतीये एवढंच कारण असेल तर सहा महिन्यांत टॉवेल वाळत घालायला होते, आमच्याकडं झालीच आहे.

माडीवरची:
नडगी दुखते म्हणून. गल्लीत सिमेंटचा रस्ता आहे त्यावर पळते, सगळे उठायच्या आत. मशीनवर मऊ असतं ना पट्टा? दुखायचं थांबेल. मला पार्टिशनचं कुणी सांगणार आहे का?

नागाळा_पार्क_१०के:
हे आधी सांगायचं ना! नडगी आतल्या कडेनं, बोटभर नाही चांगली वीतभर लांबीत दुखते का? पळायला सुरुवात करताना दुखतं, गरम झालं की कमी, घरी आल्यावर परत? मग हे नवशिक्यांचं नेहमीचं दुखणं आहे, शिन स्प्लिंट म्हणतात. पण एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, एका पायावर उडी मारली की ओरडायला होतं, रात्री झोपेत ठणकतं, असं काही असेल तर पळणं बंद करून हाडाच्या डॉक्टरांकडं जा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीच्या एक्सरेत कधी कधी दिसतच नाही, म्हणून 'एक्सरे नॉर्मल आहे' म्हणून परत पळू नका. बूट कुठले आहेत?

माडीवरची:
वीतभर, आतल्या कडेनं. रात्री नाही दुखत. बूट म्हणजे पांढरे कॅनव्हासचे, मुलाच्या गॅदरिंगला पालकांच्या डान्ससाठी घेतले होते.

नागाळा_पार्क_१०के:
झालं. त्या बुटांचा तळ म्हणजे नुसतं रबर. पळायचे बूट घ्या, संध्याकाळी दुकानात जा कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पुढं अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. महागातलेच घ्या असं नाही, पायात घालून दुकानात चार पावलं पळून बघा, चावत नसेल तो तुमचा.
आणि वेग कमी करा. नवीन माणूस सगळा जीव एका दमात काढतो. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर चाला. एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास, दिवसाआड. दुखायचं थांबल्यावर पळण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा. दम लवकर सुधारतो, हाडं आणि शिरा सावकाश तयार होतात, म्हणून दम आहे म्हटल्यावर लोक जास्त पळतात आणि नडगी धरून बसतात. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, पोटऱ्या मजबूत होतात.

मुंबैकर_सध्या_कागल:
ट्रेडमिलवर एक टक्का चढ ठेवायचा असतो, नाहीतर बाहेर पळण्याएवढा व्यायाम होत नाही. कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

नागाळा_पार्क_१०के:
कुणी विचारलं पण नव्हतं. ते एक टक्क्याचं जोरात पळणाऱ्यांसाठी आहे, समोरच्या हवेचा विरोध धरायला. नवशिक्याच्या वेगाला त्यानं काही फरक पडत नाही, उलट नडगी-पोटरी दुखणाऱ्याला चढ कशाला?

मुंबैकर_सध्या_कागल:
माझ्या ट्रेनरनं सांगितलंय. तो मॅरेथॉन करतो.

नागाळा_पार्क_१०के:
करू दे की. तो त्याच्या वेगाचं सांगतोय.

पाचगावची_लेक:
तुमचं चालू दे एक टक्का. ताई, एक बाई म्हणून विचारते, राग मानू नका. पहाटे गल्लीत, सगळे उठायच्या आत, आणि आता घरात मशीन. रंकाळा चालत दहा मिनिटांवर असेल तुमच्यापासनं. तिथं का जात नाही?

माडीवरची:
खरं सांगू का. रंकाळ्यावर गेलं की अर्धी पेठ भेटते. पहिल्याच दिवशी मिस्टरांच्या मित्राच्या आई भेटल्या, 'काय गं, डॉक्टरांनी सांगितलंय का?' मग पुढच्या बाकावरनं 'सूनबाई दमल्या वाटतं.' सगळे प्रेमानंच बोलतात, पण मला धापा टाकताना कुणी बघायला नकोय. घरी संध्याकाळपर्यंत निरोप पोचलेला असतो.

पाचगावची_लेक:
वाटलंच होतं. माझं पण तसंच होतं, मी ओढणी सावरत पळायचे, विचार करा. विद्यापीठाच्या आवारात या. शिवाजी विद्यापीठाचा कॅम्पस केवढा मोठाय, झाडी आहे, सकाळी चालणारे-पळणारे असतात पण कुणी कुणाच्या सुनेला ओळखत नाही. आम्ही चौघीजणी जातो, एक तर साठीच्या आहेत आणि सगळ्यात पुढं असतात. कडेला मातीची पायवाट मिळेल तिथं त्यावरनं पळायचं, सिमेंटपेक्षा बरं पडतं. कॉटनचा ड्रेस घालू नका, घामानं जड होतो आणि काखेत, मांड्यांना घासतो. सैल पॉलिस्टर टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, बास. आणि आतलं स्पोर्ट्सचं चांगलं घट्ट घ्या, बुटांइतकंच महत्त्वाचंय, पुरुषमंडळी हे कधी सांगत नाहीत.

माडीवरची:
पावसाळ्यात काय करायचं पण? गांधी मैदानाचं तर तळं होतं. आणि भिजलेले बूट घरात आणले की सासूबाई...

शांत_पिवळा:
हां, आता माझं काम आलं! जिना लाकडी आहे ना? जिन्याखाली जागा असेल. तिथं भिंतीला सागवानी पट्टी मारा आणि त्यावर जुन्या बाजारातल्या पितळी नाहीतर लाकडी खुंट्या. टोपी, टी-शर्ट, टॉवेल तिथं. खाली मोठं पितळी घंगाळ असेल तर... नको, बूट घंगाळात नको, सासूबाई घर सोडतील. साधी बांबूची चटई आणि तिरकी फळी, बूट त्यावर तिरके उभे. आतली गादी काढून वेगळी वाळवायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, डिंक सुटतो. पॉलिस्टरला सॉफ्टनर घालू नका, वास धरून बसतो, त्यापेक्षा धुवायच्या आधी पाण्यात थोडा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. हॉलला हात लावायची गरजच नाही.

माडीवरची:
जिन्याखाली सध्या गॅसची जुनी शेगडी आणि गणपतीचं मखर आहे. शेगडी काढता येईल. खुंट्या मला आवडल्या. तिथली भिंत मातीची आहे, खुंटी धरेल का?

तुळई_सत्तावीस:
मातीच्या भिंतीत थेट नको, लाकडी चौकटीच्या दोन खांबांमध्ये पट्टी ठोका, भार खांबांवर जाईल. आणि गेलाच आहात जिन्याखाली तर तिथली तुळईची टोकं बघून घ्या. ट्रेडमिलचं काय ठरलं?

माडीवरची:
नणंदबाईंना फोन केला. 'तुझ्या सासूच्या डोक्यावर माती पाडू नकोस बाई' म्हणाल्या. मशीन दुसऱ्या कुणाला तरी द्यायचंय, त्यांना रविवारी घर मोकळं करून द्यायचंच आहे. @पाचगावची_लेक, तुम्हाला मेसेज केलाय. बूट शनिवारी घेते.

आबा_तालीमवाले:
फुकट देणार आहेत काय? आमच्या तालमीत द्या. पावसात पोरांचं पळणं बंद पडतंय, नुसती मोबाईल बघत बसत्यात.

शिरोली_नाका:
आबा!!! जागच्या जागी पळून कुठं जायचं असतंय?

आबा_तालीमवाले:
पोरांना जायचंय, मला नाही. टेम्पोचं भाडं तालीम देईल.

तुळई_सत्तावीस:
आबा, तालीम कितव्या मजल्यावर? आणि सोळा अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आहे का?

आबा_तालीमवाले:
तळमजला, खाली काळा दगड, हत्ती नाचवा. पॉइंट वायरमन बघून देईल. कुस्तीच्या हौद्याच्या शेजारी जागा आहे.

नागाळा_पार्क_१०के:
हौद्याची लाल माती पट्ट्याखाली गेली तर पंधरवड्यात मोटर बसेल. जरा लांब ठेवा, दाराजवळ, आणि पट्ट्याखाली सिलिकॉन तेल लागतं अधूनमधून. खोबरेल घालू नका.

आबा_तालीमवाले:
मग येऊन दाखवा की एकदा कसं घालायचं ते. येताना तेल घेऊन या, हितं कुठं मिळतंय आम्हाला म्हाईत नाही.